खोबऱ्याचा तुकडा आणि बनाबाईचा हात

दिवस भरायच्या आधीच आलेली पल्लवीची लेक आज मिरजेच्या दवाखान्यातून पाचगणीला घरी निघायची होती. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "वाटेत गार लागू देऊ नका." आणि नेमकी आजच पल्लवीच्या बापाची, बाळासोची, गाडी हटून बसली. हीटर लावला तरी गारच हवा! पाचगणीचा घाट, थंडीची संध्याकाळ आणि मुठीएवढं लेकरू. आज्यानं गाडी थेट गॅरेजात नेली.

गॅरेजवाल्या गुंडानं डोकं खाजवलं. "मामा, आत झडप अडकलीय. सगळा डॅशबोर्ड उतरवाय लागंल. उद्या या."

"उद्या? आरं, पोरगी बाळ घिऊन दवाखान्याच्या दारात बसलीय!"

गाडीत मागं बसलेली बाळासोची बायको बनाबाई खाली उतरली. "त्यो कप्पा तेवढा काढ रं. हात जातोय का बघती."

"आगं, ही काय मेंढी हाय व्हय?" बाळासो उखडला.

गुंडानं कप्पा काढला, मागचा पंखा सोडवला. बनाबाईनं बांगड्या कोपराकडं सारल्या, डोळे मिटले आणि हात आत घातला. बाळासोला जुनं आठवलं. म्हसवडच्या माळावर मेंढरं होती तेव्हा, आडवं आलेलं कोकरू पोटातच सरळ करताना हिचा चेहरा अस्साच व्हायचा. बाहेरचं काहीच दिसत नाही, आतलं सगळं दिसतंय, असा.

"गावलं," ती पुटपुटली. "थांब, थांब माझ्या राजा..."

हात बाहेर आला. मनगट खरचटलेलं, बोटं गुलालानं माखलेली आणि चिमटीत खोबऱ्याचा तुकडा!

"सिद्धनाथाच्या रथावर गुलाल-खोबरं उधळत हुते, तवा काचा उघड्या टाकून गाडी कुणी लावली हुती? वरच्या जाळीतनं आत पडलाय. घ्या परसाद!"

सगळं परत बसवून गुंडानं बटण फिरवलं. भसकन गुलालाचा लोट बाळासोच्या मिशांवर! मागोमाग ऊन ऊन हवा. बाळासोनं हात जोडले. देवाला की बायकोला, त्याचं त्यालाही कळेना.

गुलाल उडायचा थांबला, गाडी पुसून झाली, तेव्हा कुठं दवाखान्यापाशी लेक आणि नात मागं बसल्या. बाळासोनं पुढचं दार उघडलं. जन्मात पहिल्यांदा.

"बने, आज म्होरं बस. लय थोर हात हाय गं तुझा."

"चला आता, नाटकं करू नगा," ती म्हणाली, पण बसली पुढंच.

घाटात नात गाढ झोपली. बाळासो घामानं निथळत होता, पण हीटर कमी करायला त्याचा हात काही धजला नाही.