तेहतीस मिनिटे उघड्यावर

“ताई, आणखी एकदाच तोला.”

“बुवा, तीनदा तोललं. तराजू काय तुमचा जावई आहे, सासऱ्याचं मन राखायला?”

डिंकबुवा हसले नाहीत. प्रयोगशाळेत राळ शिजवण्यात अकरा वर्षे गेली, म्हणून त्यांना हे नाव पडले होते. त्या राळेच्या पातळ पापुद्र्याची एक चकती अवकाशस्थानकाबाहेरच्या चौकटीत वर्ष काढून परतली होती. तिथला सुटा ऑक्सिजन प्लॅस्टिक कुरतडतो. वजन किती घटले, यावर चकतीची लायकी ठरते. मर्यादा शून्य पूर्णांक तीस मिलिग्रॅमची. घट निघाली एक्कावन्न शतांश.

“तीनच्या बैठकीत मॅडम राळ बंद करणार,” बुवा म्हणाले. “माझ्या निवृत्तीला वर्ष उरलंय. पुन्हा कोण पाठवतंय वर!”

ते गेल्यावर तराजूताईंनी जुनी वही उघडली. उड्डाणापूर्वीच्या वजनाखाली त्यांचीच सही होती, आणि तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. चकती निर्वात बरणीतून काढली तोच धाकट्या बहिणीचा फोन आला: बाबा घरात नाहीत. त्या बाहेर धावल्या. परतल्या तेव्हा चकती तेहतीस मिनिटे उघड्यावर होती. असले प्लॅस्टिक हवेतला ओलावा पिते आणि जड होते. नियमाप्रमाणे ती पुन्हा एक दिवस सुकवायला हवी होती. वर जाणारी पेटी मात्र संध्याकाळीच बंद होणार होती. त्यांनी तोलली, आकडा लिहिला, सही केली.

जमिनीवर ठेवलेली जुळी चकती त्यांनी बरणीतून काढून तोलली, तेहतीस मिनिटे उघडी ठेवली आणि पुन्हा तोलली. वाढ चौतीस शतांश. साधारण तेवढाच ओलावा उड्डाणापूर्वीच्या आकड्यात मोजला गेला होता. म्हणजे राळेची खरी घट सतराच्या आसपास. बोलल्या तर सव्वीस वर्षांच्या सह्या संशयात. न बोलल्या तर बुवांची अकरा वर्षे पाण्यात. त्या वही घेऊन बैठकीला गेल्या.

विभागप्रमुख मॅडमनी सगळे ऐकून घेतले. “तेव्हाच का नाही लिहिलंत?”

“बाबा सापडत नव्हते. डोकं ठिकाणावर नव्हतं.”

“सापडले?”

“सापडले. मला ओळखलं नाही.”

मॅडमनी वही आपल्याकडे ओढली. “चौतीस वजा करता येणार नाहीत. त्या दिवशी हवा किती दमट होती, कुणाला ठाऊक? चकती बाद, पासही नाही, नापासही नाही. आणि त्या दिवशी तोललेल्या बाकीच्या अकरा चकत्या?”

“त्या बरणीतच होत्या.”

“कशावरून?”

सव्वीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांनी वहीतल्या आपल्या सहीवर बोट ठेवले. मॅडमनी पानावर आडवी रेघ मारली.

बाहेर बुवा भिंतीला टेकून उभे होते. “कशाला बोललात, ताई? राळ तशीही गेली, अशीही गेली.”

“हो. पण तशी नापास म्हणून तुमच्या नावावर गेली असती.”

 बुवांनी चष्मा काढून पुसला.

दुसऱ्या दिवसापासून नवा नियम आला: तोलणारा एक, लिहिणारा दुसरा. शेजारच्या विभागातले एक गृहस्थ वही घेऊन बसले. ताईंनी काचेचे दार लावले, श्वास रोखला, आकडा स्थिरावू दिला आणि एकेक अंक सावकाश वाचला. गृहस्थांनी लिहून घेतला. मग जरा ओशाळून ते स्वतः बघण्यासाठी पुढे वाकले.

ताईंनी आपली खुर्ची मागे सरकवून त्यांना जागा करून दिली.