झुणक्याच्या पोटातला निळा ठिपका

वेणूबाईंचा हात भलता सढळ. यवतमाळ सोडून पुण्याला मुलाकडे राहायला आल्या, तरी मोजूनमापून वाढणं काही त्यांना जमलं नाही. त्यात सून मिळाली नेमकी मोजमापाची. उत्कर्षा वारज्यात तयार पदार्थांच्या एका कारखान्यात होती आणि तिचं काम काय, तर बंद पाकिटातल्या पदार्थाच्या आत उष्णता कशी शिरते याचं गणित मांडायचं. "चूल न पेटवता स्वयंपाकाचा पगार घेते," असं वेणूबाई शेजारणीला कौतुकानं की टोमण्यानं सांगत, देव जाणे.

कारखान्यानं घट्ट झुणक्याची पाकिटं काढायची ठरवली, तेव्हा कृती वेणूबाईंचीच घेतली. पहिल्या घाण्याला घरच्या मोठ्या बाईचा हात लागावा म्हणून त्यांना मानानं बोलावलंही. सुनेची पाठ वळली मात्र, बाईंनी काही पाकिटं चांगली दाबून दाबून भरली. मुलगा शंभू मालवाहू बोटीवर इंजिनिअर, महिनोन्‌महिने समुद्रावर. त्याला का तळहाताएवढा झुणका पुरणार? ती लठ्ठ पाकिटं बाकीच्यांबरोबरच वाफेच्या मोठ्या कुकरातून निघाली आणि गुपचूप शंभूच्या बॅगेत गेली.

शंभू मुंबईला बोट गाठायला निघाला त्या सकाळी, टॅक्सी गेल्यावर, ओट्यावर राहिलेलं एक पाकीट उत्कर्षाच्या हाती लागलं. तिनं ते दोन बोटांत धरून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला.

"आई, हे कोणी भरलं?"

"म्या. काऊन?"

"बॅगेतलीही अशीच आहेत?"

"मंग? माह्या लेकाले अर्धपोटी धाडू?"

उत्कर्षानं पट्टीनं जाडी मोजली, लॅपटॉप उघडला, आकडा घातला. पडद्यावर पाकीट मधोमध कापल्यासारखं दिसू लागलं. कडेनं लाल, आत पिवळं आणि अगदी पोटात एक निळा ठिपका.

"इथे पुरेशी उष्णता पोचलीच नाही," ती म्हणाली. "इथले जंतू जिवंत राहिले असणार. बंद पाकिटात ते विष तयार करतात. वासाला, चवीला कळेलच असं नाही. माणूस जातो, आई."

वेणूबाई भडकल्या. कुकरातून निघालेल्या पाकिटानं त्यांचा हात पोळला होता! चुलीपुढे जन्म गेला, आणि ही कालची पोर पाकीट न फोडता आतलं सांगते म्हणे.

उत्कर्षानं शंभूला फोन लावला. तो हसला. "आईच्या हातचं फेकू? तुझं गणित तुझ्यापाशी ठेव." आणि फोन बंद.

"माझं नाही ऐकणार तो. तुम्हीच सांगा," उत्कर्षा सासूला म्हणाली. तिचे डोळे भरले होते, आणि ही पोरगी एरवी डोळ्यांत पाणी आणणाऱ्यातली नव्हे.

"असं किती जास्त भरलं म्या? दीडपट समज," वेणूबाई म्हणाल्या. "मंग वेळ बी दीडपट लागंन."

"नाही ना. जाडी दीडपट झाली की वेळ सव्वादोनपट लागतो. उष्णतेची चालच तशी आहे."

सव्वादोनपट! वेणूबाईंना रोडगे आठवले. गोवऱ्यांच्या विस्तवात भाजायचे ते कणकेचे गोळे. एखादा जरासा मोठा वळला गेला, की वरून कोळसा आणि आत कच्ची कणीक. आजवर त्या विस्तवालाच नावं ठेवत आल्या होत्या. म्हणजे हा हिशेब त्यांच्या आजीच्या रोडग्यातही होता, कुणाला दिसला नव्हता, आणि ही पोर ओट्यापाशी उभ्या उभ्या तो दाखवत होती. त्यांच्या अंगावर सर्रकन काटा आला.

त्यांनी फोन मागून घेतला. "शंभू, टाकून दे ते पाकिटं. कोनाच्या तोंडी लागनार नाई असं टाक."

"आई, तूसुद्धा?"

"माह्या हातून चूक झाली, बाबू. तुले माही शपथ हाय."

लोणावळ्याच्या पुढे त्यानं गाडी थांबवून पाकिटं टाकली. तसं त्यानं कळवलं, जिवावर आलं होतं असंही कळवलं.

घरी राहिलेलं पाकीट उत्कर्षानं कारखान्यातल्या उबदार खोलीत तपासणीला ठेवलं. काही दिवसांनी ती सासूला तिथे घेऊन गेली. मापानं भरलेली पाकिटं होती तशी चपटी होती. वेणूबाईंचं मात्र आतल्या जंतूंच्या वायूनं टम्म फुगलं होतं. काचेआडून त्यांनी ते पाहिलं. असलंच एक त्यांच्या लेकानं भर समुद्रात, फुगायच्या आधीच, आईची आठवण काढत फोडलं असतं.

"ते चित्र दाखव," त्या म्हणाल्या. "अन् ह्या जाडीले लागते तेवढा वेळ दे त्याले."

उत्कर्षानं लॅपटॉप समोर ठेवला, वेळ वाढवला. लाल रंग चहूकडून आत सरकू लागला. वेणूबाई पदर मुठीत धरून बघत राहिल्या. निळा ठिपका लहान होत होत पुरता मावळला, तेव्हा कुठे त्यांना रडू फुटलं.