दोन खोल्यांची शेकोटी

भिंतीवरची खडूची रेघ जमिनीपासून बासष्ट सेंटिमीटरवर होती. सुल्माने मोजपट्टी लावून दोनदा मोजली. रेघ तिच्या खोलीत होती आणि ती तिने काढलेली नव्हती.

आई गेल्यावर मिनास गावातल्या या घराचे दोन भाग झाले. मधल्या भिंतीतली शेकोटी भावाच्या, एल्बिओच्या वाट्याला गेली. सुल्माकडे आली तिची गार पाठ. मोन्तेविदेओचं एक जोडपं तीन वर्षं हे घर मागत होतं, त्यांना तिथे लॉज काढायचा होता. विक्रीला दोघांच्या सह्या लागणार होत्या. एल्बिओने त्यांना काय सांगितलं हे सुल्माने विचारलं नव्हतं. आपल्या मनातलंही त्याला सांगितलं नव्हतं. आणि आता एकाएकी त्याला शेकोटी दोन्ही खोल्यांत उघडायची होती. विकायच्या आधी घोड्याला खरारा करतात, त्यातलाच हा प्रकार, असं तिला वाटलं.

दुपारी ओलिंतो गवंडी आला. एल्बिओ ‘माते’ नावाच्या कडवट चहाचा भोपळ्याचा पेला हातात धरून दाराशीच थांबला, बहिणीच्या खोलीत आला नाही. शेकोटीचं इकडचं तोंड फोडायची रेघ एवढी खाली का, लॉजवाल्यांनी सांगितली का, असं सुल्माने गवंड्याला सरळच विचारलं.

"कोण लॉजवाले? भावाने सांगितली. तुम्ही त्या बुटक्या खुर्चीत विणत बसता म्हणे. तिथून जाळ दिसला पाहिजे."

सुल्माने खुर्चीकडे पाहिलं. गोड बोलणं फुकटच असतं. तिने धुराचं विचारलं. एका धुराड्यावर दोन तोंडं कशी चालणार?

धुराडं रुंद करावं लागेल, ओलिंतो म्हणाला. तरीही इकडची खिडकी उघडली की धूर तिकडच्या खोलीत जाणार, तिकडची उघडली की इकडे.

"म्हणून लॉजला मी अशी कधीच बांधून देत नाही. पाहुणे वाट्टेल तेव्हा खिडक्या उघडतात. एकमेकांशी बोलणाऱ्यांचंच हे काम. भावाला सगळं सांगितलंय मी."

"कधी सांगितलं?"

"पहिल्याच दिवशी. तरी म्हणाले, बांधा."

सुल्माने मोजपट्टी सावकाश गुंडाळली. लॉजच्या पाहुण्यांना धुराने खोकायला लावणारी शेकोटी विकण्यासाठी कोणी बांधत नाही. हिशेब दुसऱ्या कुठल्याच बाजूने जुळत नव्हता.

"खिडकी उघडण्याआधी हाक मारशील?" तिने दाराकडे न बघता विचारलं.

"मारीन की. तुला ऐकू आली म्हणजे मिळवली, म्हातारे."

ओलिंतो छिन्नीला धार आहे का ते अंगठ्याने बघत होता.

"मी सही करणार नाही, एल्बिओ," सुल्मा म्हणाली. "घर विकायचं नाही."