मडक्यातली सात पिल्लं

"सोने, ती पिल्लं काय जगत न्हायत. उगा जीव नको जाळूस," रावजी बशीतला चहा फुंकत म्हणाला, आणि सोनाबाईने हातातली फुंकणी अशी आपटली की चुलीतली राख त्याच्या चहात उडाली.

"तोंड आवरा. पौष सरंस्तोवर सातच्या सात जगवीन, न्हायतर नावाची सोनाबाई न्हाय!"

दिवाळीला त्यांचा लेक धर्माजी मुंबईच्या गिरणीची रजा काढून रेवसच्या लाँचीने आला, तो तुसाच्या डब्यात चौदा अंडी घेऊन. गिनी कोंबडीची अंडी. वाढली की अंगभर पांढरे ठिपके, आणि साप नाहीतर परका माणूस दिसला की गाव गोळा होईल असा कालवा. "आये, मी हितं नसलो तरी ही पाखरं तुजी राखन करतील," एवढं बोलून लेक परत गेला. सोनाबाईने ती उबवायला खुडूक कोंबडीखाली ठेवली.

चौदाही फुटली. पण आई पडली गावठी. तिने त्यांना भल्या पहाटे दवातून वालाच्या शेतात फिरवलं, आणि या जातीला ओल सोसत नाही. त्यात जमिनीकडून येणारा गार मतलई वारा असा सुटलेला की म्हातारी माणसं उन्हातही घोंगडी सोडेनात. आठवड्याभरात सात पिल्लं आखडून गेली. सोनाबाई ढसाढसा रडली. मग तिने उरलेली सात कोंबडीकडून काढूनच घेतली. ऊन तापलं की अंगणात, ऊन कललं की मडक्यात. मडक्यात कोरडं तूस, पिसवा होऊ नयेत म्हणून भांबुर्ड्याचा पाला, तोंडावरही तोच पाला सैलसर, आणि मडकं चुलीच्या कडेला. आत पिल्लं गुडुप.

"पोरगा मुंबयला गेला आन् आमची बाय मडक्याची आई झाली," रावजी गावभर सांगत सुटला.

त्या दिवशी त्याने शेजारच्या अंबाजीला पोपटीला बोलावलं होतं. वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यात घालून मडकं भरायचं, शेतात पालथं घालायचं आणि भोवती जाळ करायचा, थंडीतली हीच चैन. सोनाबाईने मडकं भरलं आणि विहिरीवर जाताना दोनदा बजावलं, "पोपटीचं पडवीत ठेवलंय, पडवीत." पहिल्यांदा रावजी अंबाजीशी बोलत होता, आणि बायकोचं दुसऱ्यांदा ऐकायचं नाही हा त्याचा नेमच होता.

दिवस कलला तसं त्याने चुलीकडचं मडकं उचललं. "हलकं लागतंय. शेंगांत बी काटकसर केली बयेनं!"

तोंडावरचा पाला हाताने दाबून शेतात मडकं पालथं झालं, भोवती पेंढा रचला, काडी ओढली.

"रावजी," अंबाजी म्हणाला, "शेंगा वरडतायत रं."

"रातकिडा आसंल."

"मडक्यात?"

तोच बांधावरून सोनाबाईची हाक आली, "अवो, माजी पिल्लं!" ती पदर सावरत धावत होती, पण इकडे पेंढ्याने एका अंगाने पेट घेतला होता. रावजीने काठी शोधली नाही. दोन्ही हातांनी जळता पेंढा उपसला आणि तोंडाखाली हात घालून मडकं पिल्लांसकट छातीशी ओढलं. हातावरचे केस गेले, मिशीचं एक टोकही गेलं.

सातही जिवंत होती, पण वाऱ्यावर लटलट कापत होती. रावजीने बंडीची बटणं सोडली आणि एकेक पिल्लू आत घेतलं. "दात काय काढतोस, अंबाजी? जा, पडवीतलं मडकं आन."

पोपटी शिजली तरी रावजी जागचा हलेना. हलला की पोटाशी चिवचिव. शेवटी सोनाबाईने शेंगा सोलून त्याला भरवल्या.

"मरतील म्हनत व्हता ना?"

"हळू बोल. आत्ताच निजलीत."

पौष सरला. सातच्या सात जगली आणि गोत्यात आला रावजी. बंडीतली ऊब पिल्लं काही विसरली नव्हती. तो कोयता घेऊन निघाला की मागे सात जणांची रांग. वाण्याच्या दुकानी रांग, देवळातही रांग.

"काय रावजी, बाळंतपन सुखरूप झालं न्हवं?" अंबाजी बांधावरून ओरडला.

रावजी तोंड चुकवून झपाझपा चालू लागला. दारातून सोनाबाईची हाक आली, "अवो, जरा दमानं! लेकरांचं पाय ल्हान हायत."

अंबाजीची पाठ वळेपर्यंत रावजी थांबला, आणि मग सावकाश चालू लागला.