सतरावा खांब

पहार बुडाशी घालून मास्तरांनी जोर लावला आणि खांब अलगद वर आला. इतका अलगद, की त्यांचा तोल गेला आणि ते मागच्या मागे मातीत बसले.

स्वयंपाकघराच्या दारातून बायकोनं विचारलं,

“लागलं का?”

“नाही. खांबच निघाला.”

“मग काढायलाच गेला होतात ना?”

गेल्या दोन दिवसांत कुंपणाचे रस्त्याकडचे सहा खांब काढताना मास्तरांच्या कमरेचे टाके ढिले झाले होते. एकेका खांबाच्या पायाला काँक्रीटचा असा गोळा, की टिकावाचा दणका हातालाच बसे, गोळ्याला नुसता ओरखडा. कुंपण घालणारे बाबा हाडाचे सुतार. ‘हलेल ते माझं काम नव्हे,’ म्हणायचे. नऊ वर्षांत फळ्या कुजल्या, त्या परवाच काढून टाकल्या होत्या. खांब मात्र खणखणीत. उद्या गवंडी येणार होता आणि या रांगेत विटांची भिंत उभी राहणार होती. तिच्या अलीकडे मास्तर, पलीकडे त्यांची ताई.

गवंड्याची माणसं खांबांवर घण घालतील ते आपल्याला बघवणार नाही, म्हणून मास्तर स्वतःच खपत होते. आज सकाळी कंबर अगदीच धरली, तेव्हा सातवा खांब तसाच सोडून ते रांगेच्या मधल्या, थोड्या डुगडुगणाऱ्या खांबाकडे वळले. सोपं उदाहरण आधी सोडवावं, असं त्यांनी मुलांना तीस वर्षं सांगितलं होतं.

हा खांब म्हणजे बाबांची चूक. साठ फूट कुंपण, चार-चार फुटांवर खांब. गाळे पंधरा, म्हणजे खांब सोळा. हे उदाहरण घातलं, की वर्गातली निम्मी मुलं पंधरा म्हणत. बाबांनी सतरा आणले. उरलेला एक टाकवेना म्हणून की काय, आठव्या आणि नवव्याच्या मधोमध रोवून दिला. ‘आमच्या वडिलांचा हात सोन्याचा, गणित तेवढं कच्चं,’ हा विनोद मास्तर दरवर्षी वर्गात करत आणि मुलं दरवर्षी हसत.

आई गेल्यावर दोघा भावंडांचं भांडण सुरू झालं ते तिच्या कपाटावरून. कपाटावरून खोल्यांवर गेलं, खोल्यांवरून अंगणावर. वाटणी झाली, तर कुंपण कोणाच्या माणसानं घालायचं यावरून पुन्हा जुंपली. शेवटी बाबा म्हणाले, “मीच घालतो. निदान सरळ तरी होईल.” चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी एकट्यानं खड्डे खणले. मास्तर पाण्याची बादली घेऊन गेले नाहीत. ताई ओळंबा धरायला आली नाही. पुढच्या वर्षी बाबा गेले.

“सुंभ जळला तरी पीळ जळत नाही,” मास्तरांची बायको दोघांना उद्देशून म्हणे आणि इकडचे निरोप तिकडे पोचवी. भिंतीचा निरोप गेला तेव्हा ताईचं उत्तर आलं होतं, “घाल म्हणावं. फक्त ओळंब्यात घाल.”

ओळंबा ताईचाच. अंगणात झोपाळ्याचे खांब रोवले तेव्हा ती दहा वर्षांची होती, मास्तर सात वर्षांचे. त्यांनी लोट्यानं पाणी घालायचं. ताईनं ओळंब्याची दोरी धरायची, कारण तिचा हात कापत नसे. बाबा धुम्मसनं खडी ठोकत आणि विचारत, “काय म्हणतोय ओळंबा?” ताई एक डोळा मिटून सांगे, “डावीकडे. दोन दोरे.” दोरा म्हणजे सुतारांचं माप, इंचाचा बारीकसा भाग. मग काँक्रीट धरेपर्यंत दोन दिवस खांबाला कोणी हात लावायचा नाही. दोघं पायरीवर बसून राखण करत. खांबावर कावळा बसला तरी ताई ओरडत धावायची. इतकी महत्त्वाची नोकरी मास्तरांना पुढे आयुष्यात मिळाली नाही.

ते कंबर धरून उठले आणि खड्ड्यावर वाकले. वरचा काँक्रीटचा थर जेमतेम दोन बोटं जाड होता. खाली वाळू. नुसती वाळू. म्हातारा थकला असणार, शेवटच्या खड्ड्याला काँक्रीट पुरलं नसणार. आपण पाणी द्यायला गेलो असतो तर, असं त्यांच्या मनात आलं.

मग त्यांनी खांब उलटा केला. बुडाला दोन हात डांबर लावलेलं होतं, कडा रंधा मारून गुळगुळीत केलेल्या. खड्ड्याच्या तळाशी सपाट दगड होता आणि त्यावर हा खांब नुसता उभा केलेला. वाळू मुठीत घेतली तर ती चाळलेली निघाली. थकलेला माणूस वाळू चाळत बसत नाही.

हा खांब कोणीतरी कधीतरी काढावा, म्हणूनच बसवला होता.

मास्तरांनी आठव्यापासून नवव्यापर्यंत टेप लावला. लावायची गरज नव्हती, तरी लावला. चार फूट. बाबांनी जन्मभर लोकांच्या अंगणांना जी फाटकं बसवली, त्यांचं माप. मग ते आठव्या खांबाजवळ गेले आणि नखानं रंग खरवडू लागले. एकाखाली एक, तीन गोल खुणा दिसल्या. फाटकाच्या बिजागऱ्यांसाठी गिरमिटानं पाडलेली भोकं, आत लाकडाच्या खुंट्या ठोकून बुजवलेली.

पलीकडच्या पडवीत ताईचं शिवणयंत्र थांबलं.

“काय झालं रे? थांबलास का?”

नऊ वर्षांत मध्यस्थाशिवाय आलेलं हे पहिलं वाक्य.

“बाबांचं गणित बरोबर होतं,” मास्तर म्हणाले.

ताई गळ्यात मोजपट्टी तशीच ठेवून आली आणि खांबापलीकडे उभी राहिली. फळ्या नव्हत्या, दोघांमध्ये आडवं काही नव्हतं. तरी ती तिच्या मातीत, ते त्यांच्या. मास्तरांनी तिला खड्डा दाखवला, दगड दाखवला, डांबर दाखवलं, भोकं दाखवली.

“लबाड म्हातारा,” ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसले. मग लगेच, “भोकं तुझ्याच बाजूला पाडली असणार. लाडका ना तू.”

मास्तरांनी वरच्या खुंटीवर मोठा खिळा टेकवला आणि हातोडीचा घाव घातला. खुंटी आत सरकली. आणखी दोन घाव घातले, तशी ती पलीकडून निसटून ताईच्या पायाशी पडली. भोकातून तिच्या लुगड्याचा निळा रंग दिसू लागला.

“आरपार आहे,” मास्तर म्हणाले.

त्यांनी दुसरी पाडली, तिसरी पाडली. ताईनं वाकून तिन्ही खुंट्या गोळा केल्या आणि मुठीत धरल्या.

“उद्या गवंडी येणार ना?”

“येऊ दे. भिंत नको. काढलेले सहा खांब परत रोवून घेऊ त्याच्याकडून.”

“वाकडे रोवेल तो.”

“ओळंबा आहे का गं तुझ्याकडे?”

“माझ्याकडे नाही तर कोणाकडे असणार?”

ती आत गेली. दारातून बायको हळूच म्हणाली, “अहो, बादली भरून ठेवू का उद्यासाठी?”

“नको. पाणी मी आणतो.”

मास्तरांनी एक जुनी फळी ओढून आणली आणि सतराव्या खांबाच्या खड्ड्यावर आडवी टाकली. रस्त्यापासून सातव्या खांबापर्यंत अंगण सताड उघडं होतं. ताईच्या पायरीवरून नाकासमोर चालत आलं, की मास्तरांच्या ओट्याला पाय लागे. ओळंबा घेऊन ताई बाहेर आली, क्षणभर थांबली आणि वळसा घालून, आठव्या आणि नवव्या खांबाच्या मधून, फळीवर जपून पाय देत आत आली.