कुईंऽऽ

नर्सबाई तिसऱ्यांदा तीच तक्रार घेऊन आल्या आणि माझं डोकं फिरलं.

"वस्ताद, आवाज काही गेला नाही हो. ॲक्सिलरेटर दाबला की कुईंऽऽ करते. पाय काढला की गप्प."

"बाई, पहिल्यांदा आलात तेव्हा गिअरबॉक्सचं ऑइल बदललं. दुसऱ्यांदा आलात तेव्हा शेजारी बसून पार पुलापर्यंत जाऊन आलो. आवाज नाही. जे नाहीच ते मी कुठून दुरुस्त करू?"

"आहे," त्या म्हणाल्या. बाई तशा गरीब स्वभावाच्या, पण आज हटेनात. घरोघरी जाऊन पेशंटच्या जखमा बांधायचं त्यांचं काम. गाडी वाटेत बंद पडली की तिकडे कुणीतरी अंथरुणात खोळंबून राहणार. "गाडीत जो बसतो तो विचारतो, हे काय वाजतंय म्हणून."

"मग दाखवा ना त्यालाच गाडी!"

हे मी सगळ्या गॅरेजला ऐकू जाईल असं बोललो. सगळं गॅरेज म्हणजे मी आणि माझी मुलगी. ती पलीकडे एका गाडीचं चाक उतरवत होती. माझा राग तिला काही नवा नाही. पण कानावर कुणी शंका घेतली की माझा तोल जातो, कारण हे गॅरेज माझ्या कानांवर उभं आहे. गाडी दारातून आत येईपर्यंत तिचं दुखणं ओळखतो, म्हणून लोक मला वस्ताद म्हणतात. तपासायचं मशीन मी अजून घेतलेलं नाही. घ्यायचं कशाला?

मुलगी हात पुसत आली. माझ्याकडे न बघता बाईंना म्हणाली, "ठेवून जा गाडी. संध्याकाळपर्यंत धुऊन ठेवते."

बाई एकदम निवळल्या. माझा हात पुढे होता, तरी किल्ली त्यांनी तिच्या हातात दिली आणि निघाल्या.

धुऊन ठेवते! गेले कित्येक महिने हे मी ऐकत होतो आणि पोरगी कामसू आहे म्हणून खूश होत होतो. आमच्याकडे गाडी धुवायला धड पाइपसुद्धा नाही. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"कुणाकुणाच्या गाड्या धुतल्यास आजवर?"

ती परत चाकाकडे वळली.

"मी विचारतोय!"

"मास्तरांची. डॉक्टरीणबाईंची. बेकरीवाल्याची व्हॅन." मग तिने माझ्याकडे बघितलं. "व्हॅनच्या चाकाचं बेअरिंग गेलं होतं, बाबा. तुम्ही ठणठणीत आहे म्हणून पाठवली होतीत."

तळपायाची आग मस्तकात गेली. हातातला पाना मी जुन्या ऑइलच्या टबात असा भिरकावला की काळं ऑइल भिंतीवर उडालं. "माझ्या पाठीमागे माझ्यावर पांघरूण घालतेस? बापाचं काम तपासतेस? आणि ही सगळी माणसं माझ्या तोंडावर मान डोलावून तुझ्याकडे येतात?"

"मग काय गिऱ्हाइकासमोर सांगू?" तीही माझीच पोरगी, आवाज चढवायला मागे नाही. "तुम्हाला जाड आवाज येतात, बारीक येत नाहीत. फोन वाजला की आई खुणेनं सांगते. घरात आम्ही सगळे ओरडून बोलतो आणि तुम्ही म्हणता लोक पुटपुटतात!"

"पुटपुटतातच!"

ती वाद घालत बसली नाही. बाईंच्या गाडीत बसली, बॉनेट उघडलं, इंजिन चालू केलं आणि गाडी जागेवरच ठेवून ॲक्सिलरेटर दाबला. "आता ऐका."

मी ऐकलं. इंजिनाचा ठेका आला, पंख्याची घरघर आली. कुईं नाही. तिच्या तोंडाकडे पाहिलं, तर पाटीवर नख ओढल्यासारखे दात आवळून बसलेली. नाटक करत नव्हती. मला भीती वाटली, आणि भीती वाटली म्हणून आणखी राग आला. गाडीचा, बाईंचा, पोरीचा आणि डोक्याला दोन बाजूंनी लटकलेल्या या बिनकामाच्या कातड्यांचा.

गाडी जागेवर असताना वाजतेय, म्हणजे गिअरबॉक्सचा काही संबंधच नव्हता. त्याचं ऑइल मी उगाच बदललं होतं.

"कुठून येतोय?"

"पट्ट्याच्या बाजूनं. अल्टरनेटर असणार. नवा मागवते."

"असणार म्हणून काही मागवायचं नसतं!" मी खेकसलो. लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक पट्ट्यावर फिरणाऱ्या अल्टरनेटरच्या अंगाला टेकवलं आणि त्याची मूठ कानामागच्या हाडावर दाबली. नव्यानं शिकत होतो तेव्हा असं करायचो. पुढे कधी गरज पडली नाही. अल्टरनेटर साफ. स्टिअरिंगचा पंपही साफ. मग पट्टा ताणून धरणाऱ्या पुलीच्या मधल्या बोल्टवर टोक ठेवलं. "दाब!"

हाडातून थेट डोक्यात शिरला. कुईंऽऽ. बारीक, कोरडा, खरवडणारा. असला आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. गरज संपली तरी मी मूठ तशीच दाबून उभा राहिलो.

"बंद कर!" मग ओरडलो. "पुलीचं बेअरिंग कोरडं पडलंय. जाम झालं असतं तर पट्टा तुटला असता आणि स्टिअरिंग दगडासारखं झालं असतं. भर रस्त्यात! अल्टरनेटर म्हणे!"

पुली काढून हातात फिरवली तेव्हा तिची करकर बोटांनाही लागली. मी ती पोरीच्या हातात आदळली. तिनेही फिरवून बघितली, आणि नवी आणून बसवायला घेतली.

संध्याकाळी बाई आल्या. आजवर मी गाडी चालू करायचो, क्षणभर ऐकायचो आणि गिऱ्हाइकाला सांगायचो, "गेला आवाज." ते शेवटचं वाक्य माझंच. पोरगी सवयीने बाजूला झाली. मी इंजिन चालू केलं, ॲक्सिलरेटर दाबला. सकाळी नुसत्या कानांनी जे ऐकू आलं होतं तेच आताही आलं, ठेका आणि घरघर. बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. राग अजून घशाशी होता. तो तसाच गिळून मी मान पोरीकडे वळवली.

"गेला का गं?"

"गेला, बाबा!" ती ओरडून म्हणाली, घरात बोलते तशी. बाईंसमोर.