परक्या कात्रीचे दाते

परदेशी कात्रीला हात लावायचा नाही असं धारकाकांनी ठरवलं, त्याला आठ वर्षं होऊन गेली होती.

त्याआधी ते स्वतः कात्र्या करत. गल्लीच्या टोकाला कारखाना होता, चाळीस माणसांचा. कुणी पाती ठोकायचं, कुणी घासायचं, आणि दोन पाती जोडून कात्री चालती करायचं काम काकांचं. ओल्या कापसाचा पुंजका नुसत्या टोकाने कापला गेला तरच ती कात्री खोक्यात जायची. मग बोटी भरभरून बाहेरच्या कात्र्या आल्या, इथल्या एकीच्या किमतीत चार. दीड वर्षात कारखान्याला टाळं लागलं. काकांनी धारेचं चाक घरी आणलं आणि दारात बसून लोकांच्या सुऱ्यांना धार लावू लागले. कुणी बाहेरची कात्री पुढे केली, की मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरून परत द्यायचे. म्हणायचे, "ही धार लावायची वस्तू नाही, फेकायची आहे."

गंमत अशी, की त्यांचं घर चालत होतं ते त्या बोटींच्याच जिवावर. मुलगा दूरच्या बंदरात कंटेनर उतरवायचा. तिथे राहून-खाऊन त्याच्या हातात फारसं उरत नसे. सून कपड्यांच्या कारखान्यात होती, आणि तिथला शर्टन् शर्ट परदेशी जायचा. तिला तीन महिन्यांच्या बोलीवर नमुन्याच्या खोलीत घेतलं होतं. त्या खोलीत एकेक कपडा हाताने कापतात, तो पसंत पडला की मग हजारोंनी शिवतात. येत्या शनिवारी साहेब सांगणार होते, ठेवायचं की घरी पाठवायचं.

मंगळवारी सून कामावरून आली ती अंगठा पदरात लपवत. सासूने हात ओढून बघितला. अंगठा टम्म सुजला होता.

"कात्री बोथट झालीय," सून म्हणाली. "नवी मागितली तर पुढच्या महिन्यात मिळेल म्हणतात."

"पुढच्या महिन्यात तू तिथे असशील तर ना!" सासू म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, ऐकताय का? की चाकाच्या आवाजाने कान गेले?"

"कुठली आहे कात्री?" काकांनी विचारलं, जसं काही त्यांना माहीतच नव्हतं.

"बाहेरचीच, बाबा," सून हळूच म्हणाली.

काकांनी चाक थांबवलं. मग हात पुढे केला. "दे इकडे. तुझ्या अंगठ्यासाठी करतोय, तिच्यासाठी नाही."

सुनेने पिशवीतून कात्री काढून दिली. तिच्या एका पात्याच्या धारेवर बारीक बारीक ओरखडे होते. "बघ, घासायचासुद्धा कंटाळा केलाय लेकाच्यांनी," असं म्हणत त्यांनी ते पातं चाकावर धरलं आणि आरशासारखं लख्ख करून दिलं. ओला कापूस लोण्यासारखा कापला गेला. कितीतरी दिवसांनी काका शीळ घालत जेवायला बसले.

बुधवारी सून दुपारीच परत आली. डोळे लाल.

"काय झालं गं?"

"कापड पळतंय, बाबा. अस्तराचं कापड असं गुळगुळीत, की कात्री मिटली की पुढे सरकतं. तीन अस्तरं वाकडी गेली. सुपरवायझर बाई म्हणाल्या, आज घरी जा, शनिवारपर्यंत तरी थांबायचं कशाला?" तिने पिशवीतून एक तुकडा काढला. "कापून बघा तुम्हीच."

काकांनी कापून बघितलं. कापड खरंच पळालं. पुन्हा बघितलं, पुन्हा पळालं. त्यांच्या कारखान्यात सगळ्या कात्र्या सुती कापडासाठी व्हायच्या. असलं निसरडं कापड त्यांच्या हाताखाली कधी आलंच नव्हतं.

त्यांनी भिंग काढलं. पात्याच्या मुळाशी, स्क्रूच्या जवळ, जिथे चाक पोचलं नव्हतं, तिथे दोन बोटांच्या रुंदीत ते ओरखडे शिल्लक होते. भिंगातून ते ओरखडे वाटेनात. एकसारखे, एका तिरक्या ओळीत, एखाद्या लहानग्या करवतीचे असावेत तसे दाते होते. कापड धरून ठेवण्यासाठी कुणीतरी डोकं लावून केलेले.

काकांच्या हातातलं भिंग खाली आलं. "पोरी, मी तुझ्या कात्रीचे दात पाडले गं."

"आठ वर्षं ही कात्री करणाऱ्याला अडाणी म्हणताय," बायको म्हणाली, "आणि त्याचं काम पुसून बसलात!"

"बोल, बोल. आज तुझा दिवस आहे."

उजेड होता तोवर काका दारात बसून राहिले. तिकोनी कानस घेतली, उरलेल्या दात्यांवरून अंतर घेतलं, आणि एकेक दाता कोरत टोकाकडे गेले. पहिल्यांदा चुकलं, सगळं घासून पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदा मधेच ओळ तिरकी गेली. तिसऱ्या खेपेला सुनेने तुकडा धरला, काकांनी कात्री मिटली, आणि कापड जागचं हललं नाही.

"त्यालाही असंच दोनतीनदा चुकलं असेल," काका पुटपुटले. 'त्याला' म्हणजे कुणाला, ते सासूने विचारलं नाही.

गुरुवारी सकाळी सून सुपरवायझर बाईंच्या पाया पडायच्या तयारीनेच गेली, पण तशी वेळ आली नाही. त्यांनी एक अस्तर कापायला दिलं, मग दुसरं, मग दिवसभराचं कामच पुढे ठेवलं.

शनिवारी ती गल्लीच्या तोंडापासूनच धावत आली. "ठेवलं! बाबा, ठेवलं मला! साहेबांनी सहीसुद्धा केली!"

सासूने तिला पोटाशी धरलं. काकांनी तिचा अंगठा हातात घेऊन उलटसुलट बघितला. सूज उतरली होती. "आभार माझे मानू नकोस," ते म्हणाले. "ज्याने पहिल्यांदा ते दाते कोरले त्याचे मान. मी आपली त्याची नक्कल केली."

"तो कुठे भेटणार, बाबा?"

"नाही भेटणार. मलाही एकदा भेटायला आवडलं असतं." त्यांनी डोळे पुसले आणि धुळीला दोष दिला. "आमचं काम गेलं ते त्याच्यामुळे, असं मी धरून बसलो होतो. तोही बिचारा माझ्यासारखाच चाकावर बसलेला असणार. आणि तुझं काम राहिलं ते त्याच्याच अकलेने."

"कामावर माझ्या शेजारी असते ना, तिची कात्रीपण बोथट आहे," सून जरा चाचरत म्हणाली. "तीही बाहेरचीच."

"आण की. पण सकाळी आण," काका म्हणाले. "हे दाते दिवसाच्याच उजेडात नीट दिसतात."